बिनतारी लहरींना दिशा कशी मिळाली

वाचकहो, पुण्याजवळचे खडकी आणि दौंड ही दोन गावे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहेत. खडकी म्हटले की दारूगोळ्याचा कारखाना आठवतो, दौंड म्हटले की रेल्वेचे जंक्शन. परंतु १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामधला आखूड लहरींचा बिनतारी रस्ता याच दोन गावांतून सुरू झाला, ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. खडकीहून संदेश जायचे आणि दौंडला यायचे. तिकडे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्झबी आणि स्केग्नेस या गावांजवळ अशीच दुसरी जोडी उभी होती.

पाठवायचे ठिकाण एका गावी आणि ऐकायचे दुसऱ्या गावी, असे का? कारण साधे आहे. मोठ्याने ओरडणाऱ्याच्या तोंडाशी कान लावून बसले तर लांबून येणारी बारीक हाक ऐकू येईल का? म्हणून दोन्ही ठिकाणांमध्ये पाऊणशे किलोमीटरच्या आसपास अंतर ठेवले होते. या योजनेला नाव होते 'बीम वायरलेस'. बीम म्हणजे झोत. लहर चहूकडे न उधळता तिचा झोत एकाच दिशेला सोडायचा, ही त्यातली मुख्य कल्पना. आज तुमच्या खिशातला मोबाइल फोन ज्या मनोऱ्याशी बोलतो, त्या मनोऱ्याच्या पेटीतही हीच कल्पना आहे. फक्त ती पुष्कळ शहाणी झाली आहे. तो शहाणपणा तिला कसा आला, एवढेच आज पाहू.

कंदील आणि बॅटरी यांतला फरक कोणालाही कळतो. कंदिलाचा उजेड चारी बाजूंना जातो. बॅटरीचा छोटासा दिवा मागच्या आरशामुळे शेताच्या टोकापर्यंत पोचतो. बिनतारी लहरींचे जनक हाइनरिश हर्ट्‌झ यांनी १८८८ साली जर्मनीत कार्ल्सरूह येथे हेच केले. जस्ताचा पत्रा वाकवून त्यांनी माणसाहून उंच असा आरसा बनवला आणि त्यातून विजेच्या लहरींचा झोत पाडून दाखवला. त्यांच्या लहरीची लांबी होती सुमारे ६६ सेंटीमीटर. ही लांबी लक्षात ठेवा, कारण सगळी गोम तिच्यात आहे. आरसा काम करायचा तर तो लहरीच्या लांबीहून मोठा हवा. पुढे मार्कोनींनी समुद्रापार संदेश पाठवायला सुरुवात केली तेव्हा लहरी झाल्या शेकडो, हजारो मीटर लांबीच्या. तिला पुरेल एवढा आरसा कोण बांधणार? डोंगराएवढा लागेल! मग दिशेचा नाद सोडून लोक शक्तीच्या मागे लागले. लांब जायचे तर मोठ्याने ओरडा, एवढाच मंत्र राहिला.

त्या गदारोळात एका माणसाला वेगळी वाट सुचली. त्याचे नाव कार्ल फर्डिनांड ब्राउन, स्ट्रासबुर्गचे प्राध्यापक. १९०५ च्या सुमारास त्यांनी तीन उभ्या एरियल (आपण आता अँटेना म्हणतो त्याच) एका त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर उभ्या केल्या. तिन्हींना तोच प्रवाह दिला, पण एकीला क्षणभर उशिरा. आणि काय आश्चर्य! तिन्ही मिळून एका बाजूला जोराने बोलू लागल्या आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ गप्प झाल्या. कोणती एरियल उशिरा चालवायची एवढे बदलले की झोताची दिशा बदले. खांब जागचे हलत नव्हते. ब्राउन यांना १९०९ साली मार्कोनींच्या जोडीने नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या महायुद्धात ते पेटंटच्या एका खटल्यासाठी अमेरिकेत गेले आणि तिथेच अडकून पडले. १९१८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्यांचा अंत झाला. त्यांचा तीन खांबांचा प्रयोग मात्र आजच्या सगळ्या दिशादर्शी अँटेनांचा आजोबा आहे.

शिक्षकमित्रहो, खांब न वळवता झोत कसा वळतो हे वर्गात समजावून सांगायला एक सोपी युक्ती आहे. शाळेच्या पटांगणावर दहा मुले एका ओळीत उभी करा. सर्वांनी शिट्टीबरोबर एकदम पाऊल टाकून सरळ चालू लागायचे. ओळ जशीच्या तशी पुढे सरकेल. आता दुसरा खेळ. डावीकडच्या पहिल्या मुलाने आधी निघायचे, दुसऱ्याने एक टाळी झाल्यावर, तिसऱ्याने दोन टाळ्यांनंतर, असे करत उजवीकडचा शेवटचा. सगळे सरळच चालत आहेत, पण ओळ तिरपी झाली. तिचे तोंड उजवीकडे वळले. एकाही पोराने मान वळवली नाही, तरी ओळीने दिशा बदलली! अँटेनांच्या रांगेत नेमके हेच होते. दिशा वळवायला लोखंड फिरवावे लागत नाही. वेळ मागेपुढे करावी लागते.

फळ्यावर एक लहानसे गणितही मांडता येईल. लहर ३० मीटर लांबीची आहे आणि दोन अँटेनांमध्ये १५ मीटर अंतर आहे असे धरा. लहर समोरून न येता ३० अंश बाजूने आली, तर एका अँटेनापासून दुसरीपर्यंत पोचायला तिला साडेसात मीटर जादा चालावे लागते. लहरीचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणजे उशीर झाला एका सेकंदाच्या चार कोटीव्या भागाचा. एवढासा वेळ कोणते घड्याळ मोजणार? घड्याळ लागतच नाही. जिच्याकडे लहर आधी येते त्या अँटेनाच्या वाटेत तेवढी जादा तार घातली की झाले. (तारेत लहर जरा हळू चालते, म्हणून साडेसात मीटरपेक्षा थोडी आखूडच पुरते.) मग दोन्हीकडचे आवाज एकाच ठेक्यात येतात आणि एकमेकांना जोर देतात. चिखलात रुतलेली गाडी काढताना सगळ्यांनी एकाच वेळी खांदा लावला तरच चाक हलते, तसे. दुसऱ्या बाजूने येणारे आवाज बेठेक्यात पडतात आणि आपसात जिरतात.

यात शक्ती नवी निर्माण होत नाही, हे मुलांना जरूर सांगा. आठ अँटेनांना मिळून जितकी शक्ती दिली तितकीच बाहेर पडते. पण पाटाचे पाणी एका वाफ्याकडे वळवून बाकीची दारे बंद करावीत, तसे होते. नेमलेल्या दिशेला, एकट्या अँटेनाच्या मानाने, आठपटीपर्यंत जोर मिळतो. तो जोर बाकीच्या दिशांकडून काढून घेतलेला असतो.

आता पुन्हा खडकीकडे वळू. मार्कोनी कंपनीतले इंजिनिअर सी. एस. फ्रँकलिन यांनी १९१६ पासून मार्कोनींबरोबर आखूड लहरींवर काम केले होते. काही दशक मीटर लांबीची लहर आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून पृथ्वीला वळसा घालते, हे एव्हाना कळून चुकले होते. लहर आखूड झाली म्हणताच दिशेचा प्रश्न पुन्हा आवाक्यात आला. फ्रँकलिन यांनी पत्र्याच्या आरशाऐवजी उंच मनोऱ्यांची सरळ रांग उभी केली आणि त्यांच्या आडव्या हातांवरून उभ्या तारांचा एक पडदा सोडला. मागे परावर्तन करणाऱ्या तारांचा दुसरा पडदा. प्रत्येक तारेपर्यंत वीज नेणारी नळी सारख्याच लांबीची ठेवली, म्हणजे सगळ्या तारा एका ठेक्यात बोलणार. १९२४ साली ब्रिटिश सरकारने मार्कोनी कंपनीशी करार केला. १९२६ साली कॅनडाचा मार्ग सुरू झाला. १९२७ साली ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थान.

त्याच सुमारास इंग्लंडात रग्बी येथे लांब लहरींचे प्रचंड केंद्र उभे राहिले होते. त्याची शक्ती काही शे किलोवॅट. बीम केंद्रे विसेक किलोवॅटवर भागवत आणि संदेश अधिक भरभर पाठवीत. दर उतरले, गिऱ्हाईक वळले, आणि समुद्रतळाशी तारा टाकून बसलेल्या जुन्या कंपन्यांना घाम फुटला. शेवटी १९२९ साली ब्रिटिश सरकारने तारा आणि बिनतारी या दोघांचे लग्न लावून एकच कंपनी केली. आपल्याकडचा हा कारभार १९४७ साली सरकारने ताब्यात घेतला.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. १९२७ च्या २३ जुलैला मुंबईचे नभोवाणी केंद्रही सुरू झाले. त्याच्या लहरी कंदिलासारख्या: ज्याच्याकडे यंत्र त्याने ऐकावे. खडकीचा झोत मात्र मावळातल्या कौलारू घरांवरून गेला तरी तो त्यांच्यासाठी नव्हता. तो साम्राज्याच्या कामाचा होता आणि बाजारभावाचा होता. झोत कोणाकडे वळवायचा हे मनोरे ठरवीत नाहीत. हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे.

खडकीच्या रचनेत एक उणीव होती. मनोऱ्यांची रांग एकदा इंग्लंडला काटकोनात उभी केली की ती कायमची. आकाश मात्र जागच्या जागी राहत नाही. आखूड लहरींवर दूरची केंद्रे लावणाऱ्यांना हे चांगले माहीत आहे: आवाज भरतीसारखा चढतो आणि ओहोटीसारखा उतरतो. एकच लहर आकाशातल्या थरावरून कधी एकदा, कधी दोनदा उसळून वेगवेगळ्या कोनांतून खाली येते, आणि तिच्याच तुकड्यांचे आपसात भांडण लागते.

यावर अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने तोडगा काढला. न्यू जर्सी प्रांतात होमडेल नावाचे एक खेडे आहे. तिथे हॅराल्ड फ्रिस आणि त्यांचे सहकारी फेल्डमन यांनी पाऊण मैल लांबीत सहा मोठ्या समभुज चौकोनी अँटेना एकामागे एक मांडल्या, आणि १९३७ साली त्यांचा वृत्तांत छापला. प्रत्येकीचा आवाज वेगवेगळा घरात आणायचा आणि तिथे हवा तसा मागेपुढे करून जोडायचा. म्हणजे ओळ शेतात आणि सुकाणू टेबलावर! यंत्राचा एक भाग फक्त कोन हुडकत राही, 'लहर आता कुठून येते आहे' एवढेच बघत. बाकीचे भाग त्या त्या कोनातला आवाज पकडत. रांगेला आता डोळे आले होते. तरी सुकाणू माणसाच्या हाती होते.

याच होमडेलला थोडे आधी आणखी एक गोष्ट घडली. समुद्रापारच्या टेलिफोनमध्ये जी खरखर येते ती कुठून येते, हे शोधण्याचे काम कार्ल जान्स्की नावाच्या तरुण इंजिनिअरला दिले होते. त्याने लाकडी सांगाड्यावर तारांची फिरती रांग बांधली आणि ती चाकांवर गोल गोल फिरवली. जत्रेतल्या चक्रासारखी. गडगडाटी वादळांची खरखर सापडली. ती वजा केल्यावरही एक बारीक सूं सूं उरली. ती रोज सुमारे चार मिनिटे लवकर येई. तारे रोज तेवढेच लवकर उगवतात, हे आपल्या शेतकऱ्याला नक्षत्रांवरून ठाऊक असते. १९३३ साली जान्स्कीने सांगितले की ही खरखर आकाशगंगेतून येते. टेलिफोनवाल्यांना नको असलेली खरखर म्हणजे एका नव्या शास्त्राची पहिली हाक होती.

आता जरा मागे, १९२६ सालात, आणि जपानात जाऊ. सेंदाई येथील विद्यापीठात शिंतारो उदा आणि त्यांचे प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी फार स्वस्त युक्ती काढली. एका काठीवर आडव्या सळया ठेवायच्या. वीज एकीलाच जोडायची. मागची सळई जरा लांब, पुढच्या जरा आखूड. बाकीच्या सळया आपोआप गुणगुणू लागतात, आणि लांबीतल्या फरकामुळे त्यांचे गुणगुणणे योग्य तेवढे मागेपुढे होऊन झोत पुढे जातो. ना मनोरे, ना पडदे! पण जपानात तिच्याकडे लक्ष गेले नाही. १९४२ साली सिंगापूर पडले तेव्हा जपानी सैन्याला इंग्रजांच्या रडारचे टिपण सापडले. त्यात पुन्हा पुन्हा 'यागी' असा शब्द. हा शब्द काय, म्हणून युद्धकैद्याला विचारले, तेव्हा त्याने सांगितले की हे तुमच्याच देशातल्या एका प्राध्यापकाचे नाव आहे! आणि ज्यांनी बहुतेक प्रयोग केले त्या उदांचे नाव तर जगाने पुष्कळ काळ घेतलेच नाही. हेच उदा १९५५ ते १९५८ या काळात युनेस्कोच्या वतीने आपल्या देशात येऊन दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काम करत होते.

यागी-उदांची ती काठी पुढे आपल्या घरांवर आली. चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. पुण्याच्या आसपासच्या गावांतून अँटेनाचे तोंड सिंहगडाच्या मनोऱ्याकडे असायचे. रविवारी पिक्चर सुरू झाला की पडद्यावर मुंग्या. मग एक पोरगा कौलांवर, दुसरा दारात, आजी टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही, अजून मुंग्याच!" "आता?" "जरा डावीकडं... हां, हां, बस! हात काढू नको!"

हसू नका. अमेरिकेत साठाच्या सुमारास जो मोठा शोध लागला त्याचे मर्म हेच आहे. वरचा पोरगा म्हणजे सुकाणू, खालची आजी म्हणजे परीक्षक, आणि दारातला पोरगा म्हणजे निरोप्या. थोडे वळवा, चूक कमी झाली की जास्त ते पाहा, कमी झाली तर त्याच बाजूला आणखी थोडे वळवा. पॉल हॉवेल्स या इंजिनिअरने रडारसाठी अशी योजना केली: मुख्य अँटेनाशेजारी एक लहान अँटेना ठेवायची. शत्रूने मुद्दाम केलेला गोंगाट दोघींना ऐकू येतो. लहानीकडून आलेला गोंगाट योग्य मापाने मोठीतून वजा करायचा, आणि ते माप यंत्राने स्वतःच जुळवत राहायचे. त्यांचे पेटंट १९६५ चे. इकडे स्टॅनफर्डला बर्नार्ड विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी हॉफ यांनी १९६० साली चुकीतून शिकण्याचा एक अगदी सोपा हिशेब मांडला होता. १९६७ साली विड्रो आणि सहकाऱ्यांनी तोच अँटेनांच्या रांगेला लावला. प्रत्येक अँटेनाला दोन कळा: एक आवाज कमी-जास्त करणारी, दुसरी मागेपुढे करणारी. रांगेला एक ओळखीचा शब्द आधी सांगून ठेवायचा. बाहेर येणारा आवाज त्या शब्दापासून जितका वेगळा, तितकी चूक. ती कमी होईल अशा बेताने सगळ्या कळा थोड्या थोड्या फिरवायच्या, सेकंदात हजारो वेळा.

असे केले की रांग मित्राकडे तोंड करते, आणि गोंगाटाच्या दिशेला चक्क बहिरी होते. चार अँटेना असतील तर तीन दिशांपर्यंत अशी बहिरी जागा पाडता येते. गोंगाट सरकला की बहिरी जागाही त्याच्यामागे सरकते. खडकीच्या मनोऱ्यांना जे कधीच जमले नसते ते आता तारांना जमू लागले.

पण या शहाण्या रांगेची एक खोड आहे, आणि ती प्रत्येकाने जाणावी. गोंगाट कोणता आणि मित्र कोणता हे तिला स्वतःला कळत नाही. ओळखीचा शब्द चुकीचा सांगितला, किंवा 'सध्या फक्त गोंगाट चालू आहे' असे समजून तिला शिकवले आणि नेमका तेव्हा मित्रच बोलत असला, तर ती त्याच तत्परतेने मित्राचा आवाज पुसून टाकते. तिचे गणित बरोबरच असते. सांगणाऱ्याचे चुकलेले असते.

आज ही रांग आपल्या गावात आली आहे. मोबाइलच्या मनोऱ्यावर ज्या चपट्या पेट्या दिसतात त्यांच्या आत लहान लहान अँटेना ओळीने बसवलेल्या असतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशात पाचव्या पिढीची सेवा सुरू झाली. तिच्या एका पट्ट्यात लहर नऊ सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणून दोन अँटेनांमध्ये चार-साडेचार सेंटीमीटर अंतर पुरते, आणि खडकीच्या मैदानात मावणारी रांग दाराच्या फळीएवढ्या पेटीत मावते. तुमचा फोन अधूनमधून ठरलेला ओळखीचा संकेत पाठवतो. पेटी तो ऐकून कळा जुळवते आणि झोत तुमच्याकडे वळवते. त्याच क्षणी दुसरा झोत शेजारच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाकडे.

आणि याच महाराष्ट्रात, नारायणगावजवळ खोडदला, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली मोठी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० जाळीदार तबकड्या. १४ मध्यभागी दाटीने आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, एकूण विस्तार सुमारे २५ किलोमीटर. त्या सर्वांकडे आलेला आवाज मागेपुढे करून एका ठेक्यात आणला जातो, ब्राउन यांच्या तीन खांबांसारखाच. त्या कान देऊन ऐकतात ते काय? जान्स्कीची खरखर! म्हणून तर बिनतारी गोंगाट कमी असलेली, डोंगरांच्या आडोशाची जागा निवडली. तिथे मोबाइलवरचे आपले बोलणे हीच खरखर, आणि आकाशगंगेची सूं सूं हा आवाज.

तेव्हा शिक्षकमित्रहो, मुलांना पटांगणावरचा ओळीचा खेळ जरूर दाखवा. खेळ झाला की एक प्रश्न विचारा. गावात ग्रामसभा भरली आहे, दहाजण एकदम बोलताहेत, आणि तुमच्याजवळ अशी शहाणी रांग आहे. तिला ओळखीचा शब्द कोणाचा सांगाल? उत्तर लगेच देऊ नका. मुलांना आपसात भांडू द्या.